व्हेरिएंटच्या नावापेक्षा दिवस मोजा : नव्या लाटेत घरी वयस्कर आईबाबा असतील तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहता. गुरुवारी रात्री घसा धरला, शुक्रवारी घरच्या कोविड टेस्टवर काहीच आलं नाही आणि शनिवारी रात्री दुसरी रेघ उमटली. घरात बायको, सहा वर्षांची मुलगी आणि जुलै २०२५ मध्ये सांगलीहून आलेले आईबाबा. आई ७० वर्षांच्या, मधुमेह आणि बीपी. बाबा ७६ वर्षांचे, २०१९ मध्ये स्टेंट बसवलेला. १२ ऑक्टोबरला त्यांचं परतीचं विमान आहे, कारण दिवाळी गावी करायची आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हा नवा ‘स्ट्रेटस’ व्हेरिएंट किती घातक आहे? आणि थंडी पडायच्या आधीच कोविड होऊन गेला तर निदान हिवाळा निर्धास्त जाईल का?

मी मिरजेला एमबीबीएस केलं आणि गेली अठरा वर्षं इथे लेस्टरजवळ जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. दर सप्टेंबरला शाळा सुरू झाल्या की दोन-तीन आठवड्यांत माझ्याकडे असे फोन सुरू होतात, आणि त्यातले बरेचसे आपल्याच घरांतले असतात, कारण उन्हाळ्यात आलेले आईबाबा अजून इथे असतात. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण तुमची खरी अडचण तिसरीच आहे आणि ती तुम्ही विचारलेली नाही. पुढच्या चार-पाच दिवसांत आई किंवा बाबा तापले, तर त्या दिवशी तुम्ही काय करणार? आज रविवार आहे, दोघेही ठणठणीत आहेत. म्हणजे तयारीला वेळ आहे.

आधी व्हेरिएंटचं बघू, कारण ती भीती डोक्यात असली की बाकीचं ऐकू येत नाही.

स्ट्रेटस म्हणजे एक्सएफजी. हे टोपणनाव जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेलं नाही, पण वर्तमानपत्रांना ते सोपं पडतं. संघटनेनं २५ जून २०२५ रोजी त्याला ‘लक्ष ठेवण्याजोगा’ या यादीत घातलं. त्यांच्या तीन पायऱ्यांमधली ही सर्वांत खालची. आधीच्या दोन उपप्रकारांची सरमिसळ होऊन तो तयार झालाय आणि ते दोन्ही ‘जेएन.१’ या एकाच घराण्यातले आहेत. उन्हाळ्यात तो भारतातही होता, महाराष्ट्रातल्या नमुन्यांतही सापडला होता. तेव्हा आईबाबा सांगलीहून निघाले तेव्हाही तो त्यांच्या आसपास असू शकेल. तो पसरतो जास्त, कारण आपल्या जुन्या अँटिबॉडीज, म्हणजे विषाणूला अडवणारी अंगातली प्रथिनं, त्याला थोड्या कमी ओळखतात. माणसं त्यामुळे जास्त गंभीर आजारी पडतात असं आढळलेलं नाही. आवाज बसतो अशी तक्रार या वर्षी मी पुष्कळ ऐकतेय, पण आवाज बसला म्हणून हाच व्हेरिएंट, असं घरी बसून कुणालाही सांगता येणार नाही. सांगता आलं तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. ऑगस्ट २०२३ मध्ये बीए.२.८६ नावाचा प्रकार सापडला. विषाणूच्या काट्यावर, म्हणजे स्पाइक प्रथिनावर, त्यात तिसाहून जास्त बदल होते. ओमिक्रॉन आला तेव्हा जेवढी उडी होती, जवळपास तेवढीच. आम्ही सगळे हबकलो. इंग्लंडमधली शरद ऋतूतली लसमोहीम ऑक्टोबरऐवजी ११ सप्टेंबरलाच सुरू केली. त्याच सुमारास नॉर्फकमधल्या एका वृद्धाश्रमात साथ आली. ३८ रहिवाशांपैकी ३३ जणांना लागण झाली. ज्या घरात सगळेच म्हातारे आणि आजारी, तिथे हे आकडे २०२० मध्ये आले असते तर पुढे काय झालं असतं हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्या वर्षी मी अशा घरांत मृत्यूचे दाखले लिहिलेत. या वेळी बहुतेकांचा आजार सौम्य राहिला. विषाणू त्यांना गाठू शकला, पण मारू शकला नाही.

असं का झालं, ते तुमच्या घरालाही लागू आहे. अँटिबॉडी विषाणूला चेहऱ्यावरून ओळखते. त्यानं दाढी वाढवली, टोपी घातली की ती फसते. लसीनं आणि आधीच्या लागणीनं आपल्या अंगात आणखी एक पलटण तयार होते, ती टी-पेशींची. गावात लांबून नुसत्या चालीवरून ‘हा अमक्याचा थोरला’ म्हणून ओळखतात ना, तशा त्या विषाणूला ओळखतात. काट्यावरचे बदल त्यांना सहसा चकवत नाहीत. त्यांना कामाला लागायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून ताप येतो, घसा दुखतो, माणूस पडून राहतो. पण बहुतेकांच्या बाबतीत विषाणू फुप्फुसात खोलवर जायच्या आत त्या पोचतात. वय झालं की ही पलटण हळू हलते. मधुमेह नीट ताब्यात नसेल तर आणखी हळू. म्हणून विषाणू तोच, ताप तोच, तरी तुम्ही आणि तुमचे बाबा एका पारड्यात बसत नाही.

म्हणजे धोका किती, हे घरातल्या माणसाचं वय काय, त्याला कोणते आजार आहेत, शेवटची लस किंवा लागण कधीची, आणि पहिलं लक्षण दिसल्यापासून तुम्ही किती तासांत हललात यावर ठरतं. यातली शेवटची गोष्ट तेवढी तुमच्या हातात आहे.

आता दिवस मोजायचे ते कसे, ते सांगते. तुमचं पहिलं लक्षण गुरुवारचं. लक्षणं सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस विषाणू सोडायला लागतो, म्हणजे बुधवारपासून आईबाबा तुमच्या श्वासाच्या टप्प्यात होते. हल्लीच्या प्रकारांत लागण झाल्यापासून लक्षणं यायला साधारण तीन दिवस लागतात, कधी दोन, कधी पाच. तेव्हा त्यांना लागण झालेली असेल तर ती आजपासून गुरुवारपर्यंत कधीही दिसेल. तुमच्यासाठी इंग्लंडमधला सल्ला असा आहे: टेस्टचा दिवस सोडून पुढचे पाच दिवस घरी, आणि ज्यांना जास्त धोका आहे अशांपासून दहा दिवस लांब. शनिवारची टेस्ट धरली तर बाहेर जायला पुढचा शुक्रवार आणि आईबाबांबरोबर एका टेबलावर जेवायला त्याच्या पुढचा बुधवार. मुलीची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर लहान मुलांना तीन दिवस सांगितलेत. हा सल्ला आहे, कायदा नाही. तो कायदा फेब्रुवारी २०२२ मध्येच संपला.

शुक्रवारची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून तुम्ही त्या रात्री सगळ्यांबरोबर जेवलात, असं लिहिलंय. मनाला लावून घेऊ नका, माझ्या हातूनही हेच झालंय. २०२२ च्या हिवाळ्यात एका ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या मुलीला सर्दी होती, टेस्ट निगेटिव्ह होती, आणि ‘भेटायला गेलं तर चालेल’ असं मीच फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली, चार दिवसांनी आजोबांची. ते वाचले, पण तेव्हापासून मी पहिल्या दिवसाच्या निगेटिव्ह टेस्टला निगेटिव्ह म्हणायचं सोडलं. आता पुष्कळांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती असते, त्यामुळे लक्षणं लवकर येतात आणि नाकातला विषाणू टेस्टला दिसण्याइतका नंतर वाढतो. अंगात कणकण आहे, घरात कोविड आहे आणि रेघ एकच आली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची, तिसऱ्या दिवशीही करायची. या टेस्ट विषाणूच्या आतल्या प्रथिनावर चालतात आणि बदल मुख्यतः बाहेरच्या काट्यावर होतात. म्हणून नव्या व्हेरिएंटसाठी जुन्या प्रकारची टेस्ट चालते. डब्यावरची मुदत तेवढी बघून घ्या.

घरात वेगळं राहायचं म्हणजे काय? हात धुणं चांगलंच, पण हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. इथल्या घरांची अडचण अशी की सप्टेंबर संपता संपता गारठा सुरू होतो. खिडक्या बंद होतात, आणि आईबाबांना तर तेही पुरत नाही, ते हीटरच्या जवळ सरकून बसतात. तुम्ही एका खोलीत झोपा, दार लावून घ्या आणि तुमच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हीटर चालू राहिला तरी चालेल. थोडं बिल वाढेल. बाथरूम एकच असेल तर तुम्ही सगळ्यांत शेवटी जा, बाहेर येताना एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा आणि अर्धा तास तिकडे कुणी फिरकू नका. खोलीबाहेर पडताना एफएफपी२ (एन९५सारखा) मास्क लावा, नाकावर नीट बसलेला. निळा कागदी मास्क नसण्यापेक्षा बरा, पण त्याच्या कडेनं हवा जातच राहते. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं. आई ऐकणार नाहीत, ‘माझ्या लेकराला ताप आहे’ म्हणून कपाळाला हात लावायला आत येतील. त्यांना धाक घालू नका. बाबांच्या स्टेंटचं सांगा, त्या थांबतील. माझ्या आईलाही मी असंच थांबवलं होतं.

आता आईबाबा तापले तर काय? हा भाग तुम्ही आज रात्रीच उरकून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

धोका जास्त असलेल्यांसाठी तोंडानं घ्यायचं एक औषध आहे, निरमाट्रेलविर आणि रिटोनाविर यांची जोडी, पॅक्सलोविड नावानं येते. ते पहिलं लक्षण दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं आणि पाच दिवस घ्यायचं असतं. एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, ते कुणाला मिळतं याची यादी ठरलेली असते आणि ती अधूनमधून बदलते. तेव्हा आईबाबा त्यात बसतात की नाही याचा अंदाज घरी बांधत बसू नका. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी जीपीला किंवा १११ ला, म्हणजे एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन करा. वय, मधुमेह, हृदयविकार आणि पहिल्या लक्षणाचा दिवस, हे चार तपशील पहिल्याच वाक्यात सांगा. मी फोनवर असते तेव्हा हीच माहिती शोधण्यात दहा मिनिटं जातात.

या गोळ्यांची खरी गुंतागुंत रिटोनाविरमुळे होते. ते यकृताचं एक काम काही काळ अडवून धरतं. त्यामुळे काही औषधं रक्तात नको तेवढी साचतात आणि काही उलट निकामी होतात. स्टेंटनंतर पुष्कळांना चालू असते ती रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेलची गोळी यकृतात बदलल्यावरच काम करते, आणि रिटोनाविरनं तो बदल अडतो. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध साचतं, ते काही दिवस थांबवावं लागतं. बीपीच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन असेल तर त्याचा जोर वाढतो. यातल्या बहुतेक अडचणींवर तोड असते, पण ती काढायला समोरच्या डॉक्टरला पूर्ण यादी लागते. तुमच्या आईबाबांची यादी इथल्या कुठल्याच कॉम्प्युटरवर नाही, ती पिशवीतल्या स्ट्रिपांवर आहे.

या पिशवीबद्दल सविस्तर सांगते. भारतातल्या गोळ्यांवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि औषधाचं नाव बारीक. शिवाय एकाच कॅप्सूलमध्ये दोन-तीन औषधं असतात. रोसुव्हास्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र. इथल्या डॉक्टरांना ती कंपन्यांची नावं ओळखू येत नाहीत. गेल्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ वडिलांच्या अकरा स्ट्रिपा घेऊन आले. ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणून त्यांनी सांगितलेल्या कॅप्सूलमध्ये क्लोपिडोग्रेल होतं, हे फार्मसिस्टनं भिंग धरून वाचलं तेव्हा कळलं. मला ते दिसलं नव्हतं. तेव्हा आज रात्री चष्मा लावून प्रत्येक स्ट्रिपच्या मागचं बारीक नाव आणि मिलिग्रॅम एका कागदावर उतरवा, फोटो काढा आणि फ्रिजवर लावा. सांगलीच्या डॉक्टरांकडे किडनीचा अलीकडचा रिपोर्ट असेल, क्रिएटिनिन लिहिलेला, तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या, कारण पॅक्सलोविडचा डोस त्यावर ठरतो.

दुसरी अडचण पैशांची आहे आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मावशी लेकीकडे आल्या होत्या. ताप आला तो त्यांनी सहा दिवस लपवला. दुपारी गोळी घेऊन ताप उतरवायच्या आणि जावई यायच्या वेळी उठून बसायच्या. का, तर हॉस्पिटलचं बिल येईल, आणि जावयाच्या घरी आजारपण नको. सातव्या दिवशी त्यांना धाप लागली तेव्हा ऑक्सिजन नव्वदवर होता आणि गोळ्यांची मुदत टळून गेली होती. नऊ दिवस ऑक्सिजनवर राहून त्या घरी आल्या. म्हणून तुमच्या आईबाबांना आजच समोर बसवून स्पष्ट सांगा, बसवायचं अर्थात दाराबाहेर. इथे जीपीला दाखवायला व्हिजिटरला पैसे पडत नाहीत, तात्पुरती नोंदणी करता येते. अपघात विभागात तपासणीचे पैसे नाहीत. कोविडचं निदान आणि उपचार हे परदेशी व्हिजिटरना आकारणीतून वगळलेलं आहे, २०२० पासून. मात्र हॉस्पिटलात दाखल झाल्यावर हृदयाचं किंवा दुसरं काही निघालं तर त्या भागाचं बिल येऊ शकतं आणि ते मोठं असतं. म्हणून प्रवासविम्याची पॉलिसी काढून ठेवा आणि दाखल करायची वेळ आली तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. पण बिलाच्या भीतीनं फोन लांबवू नका.

घरी ऑक्सिमीटर असेल तर बाबांचे आणि आईंचे आकडे आज, बरे असतानाच, बघून लिहून ठेवा. आजारपणात तुलना त्याच्याशी करायची. ९५ किंवा वर असेल तर ठीक. ९३-९४ सतत येत असेल तर त्याच दिवशी फोन. ९२ किंवा खाली आलं तर ९९९, म्हणजे इथला इमर्जन्सीचा नंबर. आपल्यासाठी यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. म्हणून मी आपल्या लोकांच्या बाबतीत एकट्या आकड्यावर विसंबत नाही. नेहमी ९८ असणाऱ्या माणसाचं ९५ झालं आणि जिन्यावर दम लागायला लागला, तर मी तो बिघाडच समजते. बोट गरम हवं, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको. आकडा चांगला असूनही माणूस गोंधळल्यासारखं बोलतोय, ओठ निळसर वाटतायत, छातीत दाबल्यासारखं होतंय, तर यंत्र बाजूला ठेवून ९९९ फिरवा. वयस्कर माणसात कधीकधी ताप येतच नाही. नुसतं जेवण तुटतं, नाहीतर माणूस दिवसभर झोपून राहतो. कोविडची ती पहिली खूण असू शकते.

तापाला पॅरासिटामोल पुरेसं आहे. पण इथे एक चूक मी दर वर्षी बघते. भारतातून आणलेली गोळी ६५० ची असते, इथली ५०० ची, आणि सर्दीसाठी दुकानात मिळणाऱ्या लिंबाच्या चवीच्या पावडरीतही पॅरासिटामोल असतं. तिन्ही चालू असतात आणि कुणी बेरीज करत नाही. चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर जाऊ नका, दोन डोसांमध्ये किमान चार तास ठेवा, आणि आईंचं वजन पन्नास किलोच्या आत असेल तर त्याहून कमी. आयब्युप्रोफेन बाबांना देऊ नका. हृदयाला ते चांगलं नाही आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आईंच्या मधुमेहाकडे लक्ष हवं. तापात साखर चढते, आणि जेवण कमी झालं तर गोळ्यांमुळे उतरतेही. दिवसातून चार वेळा बघा. त्यांच्या गोळ्यांत कुठे ‘ग्लिफ्लोझिन’ शेवटी येणारं नाव असेल आणि त्यांचं खाणं-पिणं तुटलं, तर ती गोळी तेवढे दिवस थांबवावी लागते, नाहीतर रक्तात आम्ल साचतं. उलट्या-जुलाब झाले तर मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळीही तात्पुरती थांबवायची का, हे फोनवर विचारा. इन्शुलिन चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे, ‘सांगलीच्या ओळखीच्या डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि स्टिरॉइडचा कोर्स लिहून पाठवलाय, आईबाबांच्या पिशवीत दोन्ही आहेत.’ कृपा करून ते देऊ नका. अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा घरी असलेल्या कोविड पेशंटना फायदा होत नाही, हे इथल्याच मोठ्या चाचणीत २०२१ मध्ये दिसलं. स्टिरॉइडची गोष्ट जास्त गंभीर आहे. ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं जीव वाचतात हे सिद्ध झालं, पण ते ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटमध्ये. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात मधुमेही पेशंटना काळ्या बुरशीनं गाठलं. डोळे गेले, जबडे काढावे लागले. बेताल साखर आणि गरज नसताना दिलेली स्टिरॉइड्स ही त्यामागची मोठी कारणं होती. माझ्या वर्गातले दोन डॉक्टर तेव्हा मिरज-कोल्हापूर भागात रात्रंदिवस त्या शस्त्रक्रियांच्या मागे होते, आणि त्यांचे फोन मला अजून आठवतात. ज्यांनी तुम्हाला लिहून दिलं त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण तुमच्या आई मधुमेही आहेत. दम्याची किंवा दुसऱ्या आजाराची स्टिरॉइड्स आधीपासून चालू असतील तर गोष्ट वेगळी, ती तोडू नका.

काढा, हळदीचं दूध घशाला बरं वाटतं, घ्या. काढ्यात ज्येष्ठमध जास्त घालू नका, त्यानं बीपी चढतं. गूळ आईंच्या वाट्याला नको. उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन वाफ घेणं मुलगी घरात असताना टाळा. भाजलेली मुलं मी बघितलीयत.

इथवरचं थोडक्यात: तुम्ही बुधवारपर्यंत आईबाबांपासून लांब, म्हणजे या नव्हे, त्याच्या पुढच्या. गोळ्यांची यादी आणि बऱ्या दिवसातले ऑक्सिजनचे आकडे आज लिहून ठेवलेले. गुरुवारपर्यंत दोघांकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष. पहिलं लक्षण दिसलं की टेस्ट, आणि रेघ आली की त्याच दिवशी फोन.

आता तुमचा हिवाळ्याचा प्रश्न. ‘आत्ता होऊन गेला, आता सुटलो’ असं पूर्ण खरं नाही, पण पूर्ण खोटंही नाही. या लागणीनंतर काही महिने तुम्हाला पुन्हा लागण व्हायची शक्यता कमी राहील. मग अँटिबॉडीज उतरायला लागतील आणि तोवर विषाणूनं आणखी एक वळण घेतलेलं असेल. २०२३ च्या त्या बीए.२.८६ चंच बघा. तो स्वतः फार पसरला नाही. पण त्याच्या पोटी काट्यावर आणखी एक बदल घेऊन जेएन.१ जन्माला आला, आणि डिसेंबर-जानेवारीत त्यानं सगळीकडे लाट आणली. केरळात सापडला, आपल्याकडे सिंधुदुर्गात पहिला पेशंट निघाला. ऑक्टोबरमध्ये कोविड होऊन गेलेले काही पेशंट मला फेब्रुवारीत पुन्हा पॉझिटिव्ह दिसले. त्यांचा दुसरा आजार हलका होता, पण घरातल्या आजीला लागायचा तो लागलाच. गंभीर आजारापासूनचं संरक्षण जास्त टिकतं. तुमच्या वयाला मोठा दिलासा तोच.

आणि मुद्दाम लागण करून घ्यायचा विचार कुणाच्या मनात आला असेल, बायकोनं तुमच्याच खोलीत झोपून ‘एकदाचं उरकून घ्यावं’ असा, तर तो सोडा. तिला आजार हलका जाईल बहुधा. पण ती तापली की घरात दुसरा दहा दिवसांचा हिशेब सुरू होतो, आणि आईबाबांचं विमान त्याच दिवसांत आहे. शिवाय प्रत्येक लागणीमागे थोड्या लोकांना महिनोन् महिने थकवा, धडधड, विसरभोळेपणा राहतो. पूर्वीपेक्षा प्रमाण कमी झालंय, तरी माझ्या यादीत असे काही पेशंट आहेत, आणि त्यातले बरेच चाळिशीच्या आतले, नोकरी करणारे आहेत. तुम्हीही ताप उतरल्यावर लगेच पळायला किंवा जिमला जाऊ नका. दोन आठवडे चालण्यावर भागवा आणि थकवा दुसऱ्या दिवशी वाढतोय का ते बघा.

हिवाळ्यात इथे कोविड एकटा येत नाही, फ्लू आणि आरएसव्ही हा श्वसनाचा दुसरा विषाणू बरोबर असतात. मुलीला शाळेत नाकात फवारायची फ्लूची लस देतात, तिचा संमतीचा फॉर्म भरून द्या. घरातल्या म्हाताऱ्यांचं रक्षण त्यातूनही होतं. या, म्हणजे २०२५ च्या, शरद ऋतूत एनएचएसची कोविड लस मुख्यतः ७५ च्या पुढच्यांना, वृद्धाश्रमात राहणाऱ्या ज्येष्ठांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आहे. बाबा वयानं त्यात बसतात, तात्पुरती नोंदणी करताना त्यांच्यासाठी विचारून घ्या. ताप असताना मात्र लस घ्यायची नाही, बरं वाटू द्या. तुमचं आणि बायकोचं वय त्यात बसत नाही. पैसे देऊन काही फार्मसीत मिळते, पण तुमची लागण नुकतीच झालीय, तुम्हाला आत्ता घाई नाही.

विमानाचं. आईबाबांना लागण झालीच नाही तर १२ तारखेला अडचण नाही. झाली आणि आजार हलका राहिला, तर ताप जाऊन निदान दोन-तीन दिवस झालेले हवेत, जेवण पूर्ववत हवं आणि एक जिना न धापता चढता यायला हवा. मी पेशंटना हीच कसोटी लावते. बाबांना चालताना दम लागत असेल तर तिकीट पुढे ढकला, कारण विमानात हवेचा दाब कमी असतो आणि नऊ तास ते उतरू शकणार नाहीत. जाताना दोघांनाही मास्क द्या. पोटऱ्यांत गोळे येऊ नयेत, रक्त साकळू नये म्हणून दर तासा-दीड तासानं उठून फेरी मारायला सांगा, आणि औषधांची पिशवी हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. तिकीट बदलता येणारं आहे का, तेवढं उद्या सकाळी फोन करून विचारून ठेवा.